बाळाचा इसब आणि प्रोबायोटिक्स : फायदा कोणाला, खर्च कुठे वाया?

तान्ह्या बाळाच्या गालावर लालसर, खरखरीत चट्टे उठले, बाळ रात्रभर खाजवू लागलं की घरात सल्ल्यांची रांग लागते. दादी म्हणते उष्णता झाली, शेजारीण म्हणते नजर लागली, मेडिकलवाला एक ट्यूब पुढे सरकवतो. गेल्या काही वर्षांत यात आणखी एका सल्ल्याची भर पडली आहे : "पोटातले चांगले जंतू कमी झालेत, प्रोबायोटिक द्या, कातडी आपोआप सुधारेल." मोठ्या शहरांतली ही गोष्ट आता नंदुरबार, शहादा, नवापूरपर्यंत पोहोचली आहे. म्हणून या विषयावर आजवर काय सिद्ध झाले आणि काय नाही, हे आम्ही इथे एकत्र मांडत आहोत.

आधी थोडक्यात उत्तर. ज्या घरात अ‍ॅलर्जी, दमा किंवा इसब चालत आलेला आहे, तिथे गर्भारपणाच्या शेवटच्या दिवसांत आईने आणि जन्मानंतर आईने किंवा बाळाने ठराविक प्रोबायोटिक घेतल्यास इसब होण्याची शक्यता काहीशी कमी होऊ शकते. पण एकदा इसब झाल्यावर प्रोबायोटिकने तो बरा होतो, असे म्हणायला आधार फार कमी आहे. टाळण्यासाठीची गोष्ट वेगळी, बरे करण्याची वेगळी. दुकानात मात्र या दोन्ही एकाच पुडीत बांधून विकल्या जातात.

इसब म्हणजे नेमके काय

डॉक्टर ज्याला अ‍ॅटॉपिक डर्मटायटिस म्हणतात, तो हा लहान मुलांचा इसब. बहुतेक मुलांत तो पहिल्या वर्षातच दिसू लागतो. तान्ह्या बाळात आधी गाल, कपाळ, डोके आणि मग हातापायांची बाहेरची बाजू लाल, कोरडी होते. कधी पाणी सुटते. लंगोटाखालची जागा बहुधा स्वच्छ राहते. मूल मोठे झाले की चट्टे कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत जातात. बरीच मुले वयाबरोबर यातून बाहेर पडतात.

हा रोग संसर्गाचा नाही. एका भावंडाचा दुसऱ्याला लागत नाही. म्हणूनच खरुजेपासून तो वेगळा ओळखायला हवा. खरूज असेल तर घरातल्या आणखी कोणाला तरी खाज असतेच, ती रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ दिसते, आणि तान्ह्या बाळाच्या तळहातावर-तळपायावरही उठते. खरुजेवर इसबाचे औषध लावत बसले तर अख्खे घर खाजवत राहते. गजकर्ण असेल तर गोल कडा दिसते. तान्ह्या बाळात ते कमीच आढळते.

नव्वदच्या दशकात जगभर झालेल्या 'आयझॅक' नावाच्या मोठ्या पाहणीत पुणे आणि अकोला ही आपल्या राज्यातली केंद्रेही होती. तेव्हा भारतात इसबाचे प्रमाण युरोपच्या मानाने बरेच कमी दिसले होते. असे का, या प्रश्नातूनच पोटातल्या जंतूंचा विषय पुढे आला.

पोटाचा आणि कातडीचा संबंध

आपली त्वचा भिंतीसारखी असते. पेशी म्हणजे विटा आणि मधली चरबी म्हणजे गिलावा. काही मुलांत ही भिंत जन्मतःच कच्ची असते. २००६ मध्ये संशोधकांना फिलॅग्रिन नावाचे प्रथिन बनवणाऱ्या जनुकातला दोष सापडला, आणि इसबाच्या अनेक रुग्णांत तो आढळला. भिंतीला फटी असल्या की आतले पाणी उडून जाते, बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात, आणि शरीराची संरक्षण यंत्रणा चवताळून उठते. खाज ही त्या चवताळण्याचीच खूण.

ही यंत्रणा जन्मानंतर शिकत जाते, आणि तिची मोठी शाळा आतड्यात भरते. नैसर्गिक बाळंतपणात आईकडून, मग दुधातून, मग घर-अंगणातून बाळाच्या पोटात असंख्य जंतू येतात. निरुपद्रवी कोण आणि धोक्याचा कोण, हे यंत्रणा त्यांच्याकडूनच शिकते. १९८९ मध्ये ब्रिटनच्या डेव्हिड स्ट्रॅचन यांनी अशी कल्पना मांडली की फार स्वच्छ, लहान कुटुंबांत हे शिक्षण अपुरे राहते आणि अ‍ॅलर्जी वाढते. मग शास्त्रज्ञांना वाटले, उपयोगी जंतू आपणच बाहेरून दिले तर? अशा दिलेल्या जिवंत, पुरेशा संख्येच्या आणि फायदा सिद्ध झालेल्या जंतूंना प्रोबायोटिक म्हणतात.

फिनलंडमध्ये काय झाले

या विषयातला सगळ्यात गाजलेला प्रयोग फिनलंडच्या तुर्कू शहरात झाला. २००१ मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. अ‍ॅलर्जीचा इतिहास असलेल्या कुटुंबांतल्या १५९ गर्भवती घेतल्या. अर्ध्यांना बाळंतपणाच्या २ ते ४ आठवडे आधीपासून लॅक्टोबॅसिलस जीजी हा जंतू दिला, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या रिकाम्या कॅप्सूल. जन्मानंतर ६ महिने ते चालू ठेवले. आई दूध पाजत असेल तर तिने घ्यायचे, नाहीतर बाळाला द्यायचे. दोन वर्षांनी पाहिले तर रिकाम्या कॅप्सूलवाल्या गटात ४६ टक्के मुलांना इसब होता, जंतू दिलेल्या गटात २३ टक्के. म्हणजे थेट निम्मा. मात्र दमा आणि नाकाची अ‍ॅलर्जी पुढच्या वर्षांत कमी झालेली दिसली नाही.

जगभर चर्चा झाली, आणि इतरांनी प्रयोग करून पाहिला. जर्मनीत २००८ मध्ये तोच जंतू १०५ गर्भवतींच्या अभ्यासात वापरला. दोन्ही गटांत इसबाचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले, २८ आणि २७ टक्के. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला २५० गर्भवतींना तो फक्त गर्भारपणात दिला, जन्मानंतर नाही. तिथेही ठोस फायदा दिसला नाही. न्यूझीलंडमध्ये २००८ च्या अभ्यासात दोन वेगवेगळे जंतू तपासले. एकाने इसब निम्म्यावर आला, दुसऱ्याने काहीच झाले नाही.

यातून एक गोष्ट घरच्या घरी लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'प्रोबायोटिक' हे एका औषधाचे नाव नाही. आंबा म्हटल्यावर हापूसही आला आणि रायवळही, तसेच हे. जंतूचा प्रकार, तो कधी सुरू केला, किती दिवस दिला आणि कोणाला दिला, यावर फळ ठरते.

सगळे अभ्यास एकत्र पाहून जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेने २०१५ मध्ये सल्ला दिला : बाळाला अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असेल तर गर्भवती, स्तनदा माता आणि बाळ यांच्यासाठी प्रोबायोटिकचा विचार करता येईल. पण हा सल्ला सशर्त आहे आणि पुराव्याचा दर्जा अगदी कमी आहे, हेही त्याच संघटनेने लिहून ठेवले. म्हणून आई, वडील किंवा मोठ्या भावंडाला इसब, दमा असेल तर सातव्या-आठव्या महिन्यात डॉक्टरांना विचारावे. परवडत नसेल तर आपण बाळाचे काही नुकसान केले, असे मनाला लावून घेऊ नये.

झालेला इसब बरा होतो का

इथे उत्तर जास्त स्पष्ट आहे. २०१८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ३९ चाचण्यांचा, एकूण २,५९९ रुग्णांचा आढावा घेतला. प्रोबायोटिक घेतलेल्यांच्या खाजेत आणि झोपेत रुग्णाला किंवा आईबापाला जाणवेल असा फरक बहुधा पडत नाही, असा निष्कर्ष निघाला. डॉक्टरांच्या मोजपट्टीवर थोडे गुण कमी झाले, पण ते एवढे थोडे की बाळाच्या रात्रीच्या झोपेत त्याचा उपयोग नाही.

स्पेनमध्ये २०१८ मध्ये तीन जंतूंचे मिश्रण दिल्यावर चांगला फरक पडल्याचे एका अभ्यासात दिसले. पण त्यात फक्त ५० मुले होती आणि ती ४ ते १७ वर्षांची होती. तान्ह्या बाळाला तो निष्कर्ष लावता येत नाही.

भारतातला एक अभ्यासही अनेकांनी ऐकलेला असतो. ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर तो झाला आणि २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये छापला गेला. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लांटारम आणि त्याचे खाद्य असलेली एक साखर दिली. रक्तात जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. ही फार मोठी गोष्ट आहे. पण तो प्रयोग संसर्गासाठी होता, इसबासाठी नव्हता. एका कामात उपयोगी पडलेला जंतू दुसऱ्या कामातही पडेलच असे नाही. जुलाबात ज्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या बाळाला पाजतात, त्यांचेही तेच. त्या इसबासाठी पाजून पैसे घालवू नयेत.

दही, तहनीक आणि घुट्टी

"मग दहीच देऊ, तेही प्रोबायोटिकच ना?" असे अनेक माता विचारतात. घरच्या दह्यात जिवंत जंतू असतात, पण कोणते आणि किती हे दर विरजणाला बदलते, आणि अभ्यासात वापरलेले जंतू त्यात असतीलच असे नाही. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरच्या आहारात ताजे, कमी आंबट दही जरूर द्यावे. ते चांगले अन्न आहे. सहा महिन्यांच्या आत दही, ताक काहीच नको.

त्या वयात सगळ्यात उत्तम आईचेच दूध. त्यात चांगले जंतू असतात आणि त्यांचे खाद्य असलेल्या खास साखराही असतात. बाळ त्या पचवू शकत नाही, त्या बायफिडो जातीच्या जंतूंसाठीच असतात. 'प्रोबायोटिकयुक्त' असे लिहिलेल्या डब्याच्या दुधासाठी आईचे दूध सोडणे हा तोट्याचा सौदा आहे. १९९२ च्या कायद्याने आपल्या देशात बाळाच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करायलाच मनाई आहे.

तहनीक खजुराने करण्याची सुन्नत आहे. ज्याला खोकला, ताप किंवा ओठावर फोड आलेले नाहीत अशा व्यक्तीने, हात धुऊन, अगदी नाममात्र अंश लावावा. मध मात्र एक वर्षापर्यंत बोटभरही देऊ नये. मधात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या बाळाचे आतडे त्यांना रोखू शकत नाही. मोठ्यांना चालणारा मध बाळाला लुळे पाडू शकतो. घुट्टीचेही तेच, ती 'पोट साफ' करण्यासाठी दिली जाते, पण पोटात चांगले जंतू वसायला ती मदत करत नाही.

घ्यायचेच ठरले तर

डॉक्टरांनी लिहून दिले असेल तर पाकिटावर चार गोष्टी पाहा. जंतूचे पूर्ण नाव आणि त्याचा विशिष्ट क्रमांक किंवा अक्षरे लिहिली आहेत का. एका मात्रेत किती जिवंत जंतू आहेत. मुदत कधी संपते. आणि किती तापमानात ठेवायचे. शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा. नंदुरबारला उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. एसटीच्या टपावरच्या खोक्यात किंवा पत्र्याच्या दुकानात दिवसभर तापलेल्या पुडीत जिवंत जंतू किती उरतील? फ्रिजमध्ये ठेवण्याची पुडी दुकानदाराने फळीवरून काढून दिली तर घेऊ नका.

आईसाठीच्या कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असू शकते, आणि ते कोणत्या जनावरापासून बनले हे पाकिटावर बहुधा नसते. मनात शंका राहत असेल तर पुडी किंवा वनस्पतिजन्य कवचाची कॅप्सूल मागावी. बाळाला गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. काही प्रोबायोटिकमध्ये दुधाचे अंश असतात.

कमी दिवसांच्या, फार कमी वजनाच्या किंवा आजारी बाळाला घरच्या मनाने प्रोबायोटिक देऊच नये. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा बाळांबाबत इशारा दिला, कारण एका बाळाच्या रक्तात प्रोबायोटिकचाच जंतू शिरून ते दगावले होते. आपल्या जिल्ह्यात कमी वजनाची बाळे कमी नाहीत, म्हणून हा इशारा आपल्यासाठी जास्त मोलाचा.

आईच्या ताटावर हात टाकू नका

आमच्या मते या सगळ्यात खरे नुकसान पुडीने होत नाही, पथ्याने होते. बाळाला इसब झाला की पहिली बंदी आईच्या ताटावर येते. अंडी बंद, मासळी बंद, दूध बंद, गोश्त बंद, वांगे बंद, शेंगदाणे बंद. वरण-भातावर राहिलेली आई दुबळी होते आणि बाळाचे चट्टे जिथल्या तिथे राहतात. आईने गर्भारपणात किंवा पाजताना पदार्थ वर्ज्य केल्याने बाळाचा इसब टळतो असे अभ्यासांत दिसलेले नाही.

नंदुरबार जिल्ह्यात ही चूक जास्त महाग पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुले वजनाने कमी आहेत. शासनाच्या अमृत आहार योजनेतून आदिवासी भागात गर्भवती आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण आणि मुलांना अंडी-केळी दिली जातात, ती याच कारणाने. अंगणवाडीत मिळालेले अंडे 'कातडीला बाधते' म्हणून परत करणारी आई बाळाचे भले करत नसते. रमजानमध्येही स्तनदा मातेला शरीयतने सवलत दिली आहे. अशक्तपणा असेल तर घरच्यांनीच तिला ती आठवण करून द्यावी.

बाळाच्या वरच्या आहाराचेही असेच. २०१५ मध्ये लंडनमधल्या एका अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी अर्ध्यांना लवकर शेंगदाणा सुरू केला, अर्ध्यांना टाळायला सांगितला. पाच वर्षांच्या वयात टाळणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनाच. म्हणजे घाबरून टाळल्यानेच अ‍ॅलर्जी वाढली. इसब तीव्र असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारून करा. आणि अख्खा दाणा कधीच नको, घशात अडकतो; बारीक कूट पातळ करून द्या.

एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या, तर ती खरी अ‍ॅलर्जी असू शकते. तेवढा एकच पदार्थ बंद करून डॉक्टरांकडे जा. श्वास अडकत असेल तर लगेच १०८ ला फोन करा.

ज्याने खरोखर आराम पडतो

रोज कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांची अंघोळ. डाळीचे पीठ, उटणे, जंतुनाशक टाकलेले पाणी, फेसाचा साबण नको. टॉवेलने न घासता टिपून घ्या आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर भरपूर लावा. दिवसातून दोन-तीनदा लावा. बिनवासाची पेट्रोलियम जेली स्वस्त आणि चांगली. खोबरेल तेलही चालते. फिलिपाइन्समधल्या अभ्यासांत त्याचा फायदा दिसला आहे. ऑलिव्ह तेलाने मात्र त्वचेची भिंत आणखी सैल पडते, म्हणून ते टाळा.

बाळाला लोबानची धुरी देऊ नका, शेगडीजवळ झोपवू नका. अत्तर आणि वासाची पावडर कपड्यालाही नको. सुती, सैल कपडे घाला, नखे कापलेली ठेवा.

नंदुरबारची एक खास गोष्ट : मिरचीचा हंगाम. मिरची वाळवण्याच्या पथारींजवळची वस्ती आणि देठ खुडायला जाणाऱ्या बाया यांनी जास्त काळजी घ्यावी. मिरचीचा तिखटपणा हातावर आणि ओढणीवर तसाच राहतो. कामावरून आल्यावर आधी तेलाने, मग साबणाने हात धुवा, कपडे बदला, आणि मगच बाळाला घ्या.

ट्यूबबद्दल दोन शब्द

चट्टे लाल आणि खाजरे असतील तर मॉइश्चरायझरसोबत स्टेरॉइडचे सौम्य मलम लागते. डॉक्टरांनी दिलेले, सांगितले तितकेच दिवस वापरले तर ते सुरक्षित आहे. मोठ्या माणसाच्या बोटाच्या एका पेरावर मावेल एवढे मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. भीतीपोटी अर्धवट लावल्याने दुखणे लांबते.

धोका आहे तो दुकानातून मागून आणलेल्या 'तीन औषधे एकत्र' मलमांचा. त्यांत तीव्र स्टेरॉइड असते. बाळाची कातडी आधी गोरी-गुळगुळीत दिसते, मग पातळ होते, आणि मलम थांबवताच दुप्पट भडकते. २०१८ पासून स्टेरॉइडची अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. नाव न लिहिलेल्या डबीतले मलमही नको, मग देणारा कोणत्याही पद्धतीचा वैद्य-हकीम असो.

डॉक्टरांकडे कधी न्यावे

चट्ट्यांवर पिवळी खपली, पू किंवा ताप असेल. बारीक, दुखरे, खड्डा पडल्यासारखे फोड एकाच वेळी भरपूर उठले असतील. बाळाचे वजन वाढत नसेल. किंवा आठवडाभर नीट काळजी घेऊनही झोप मिळत नसेल, तर थांबू नका. फोडांचा प्रकार ओठावरच्या फोडांच्या विषाणूचा असू शकतो आणि त्याला त्याच दिवशी औषध लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयात पाठवतात. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. जाताना आधी लावलेली प्रत्येक ट्यूब आणि पाजलेली प्रत्येक पुडी सोबत न्या. त्या पाहिल्या की डॉक्टरांचे निम्मे प्रश्न सुटतात.